राखणीचा कुत्रा म्हातारा झाला, तरणी कुत्री करडांना चावते: कोणाला ठेवायचं, कोणाला द्यायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिन्नर तालुक्यात ६० शेळ्यांचा गोठा, राखणीला दोन कुत्री. एक ९ वर्षांचा नर, वजन २८ किलो. मागच्या पायांनी लंगडतो, कमी ऐकतो, रात्री जागचा उठत नाही. दुसरी १४ महिन्यांची मादी. करडांच्या मागे धावते, दोघांचे कान फाडलेत. एक कारखानदार म्हाताऱ्याला गेटवर बांधायला फुकट न्यायला तयार आहे आणि मादीचे एक जण ८,००० रुपये देतोय. दोघांनाही देऊन टाकून शिकवलेला एकच नवा कुत्रा आणावा का?

आधी उत्तर. म्हातारा कुठेही द्यायचा नाही. मादी आज द्यायची नाही. तिच्यावर दहा आठवडे नीट मेहनत घ्या आणि मग ठरवा. नवा कुत्रा आणायचाच असेल तर पिल्लू आणा, आणि तेही मादीचा निकाल लागल्यावर.

कुत्रा दुसऱ्याला देण्यात मुळात काही वाईट नाही. पण त्याला एक वय असतं. साधारण दोन वर्षांपर्यंत कुत्रा कोणत्या कामाचा आहे हे कळत जातं. शेळ्यांत न रमणारा कुत्रा द्राक्षबागेत किंवा एखाद्या वस्तीवर उत्तम राखण करू शकतो, आणि त्याला तशी जागा शोधून देणं त्याच्याच भल्याचं असतं. ज्याने सहा-सात वर्षं तुमच्या गोठ्यासाठी रात्री जागवल्या, त्याचा प्रश्न वेगळा. त्याच्या अंगातली जी वर्षं कामाची होती ती तुम्ही वापरलीत. उरलेली तीन-चार वर्षं ही त्या कामाचीच बाकी आहे, आणि ती बाकी तुमच्याकडे आहे, कारखानदाराकडे नाही.

ब्रिटनमध्ये मेंढ्या वळणाऱ्या कोली कुत्र्यांचे रीतसर लिलाव होतात. २०२१ मध्ये वेल्समधली किम नावाची जेमतेम वर्षाची कुत्री २७,१०० पौंडांना गेली. असा दाखला देऊन 'कामाचं जनावर आहे, विकायला काय हरकत आहे' असं म्हणणारे भेटतात. पण तिथेही पैसा मोजला जातो तो तरण्या आणि शिकवलेल्या कुत्र्याला. नऊ वर्षांच्या लंगड्या कुत्र्याला बाजार कुठेच नसतो. त्याला कोणी फुकट मागतं तेव्हा त्यांना कुत्रा नको असतो, दारात बांधलेला एक आवाज हवा असतो. आवाज बंद झाला की पुढे काय, हे कोणी विचारत नाही.

लष्करांनीही कुत्र्याला 'साहित्य' मानण्याची रीत सोडली आहे. अमेरिकेत नोव्हेंबर २००० मध्ये 'रॉबीज लॉ' झाला आणि निवृत्त लष्करी कुत्री दत्तक देण्याची वाट मोकळी झाली. आपल्याकडे निवृत्त लष्करी कुत्र्यांना मारलं जातं हे २०१५ मध्ये माहितीच्या अधिकारातून बाहेर आलं, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि त्यानंतर धोरण बदललं.

म्हातारा खरंच निकामी झालाय का?

'रात्री उठत नाही' याचा अर्थ बहुतेक वेळा 'उठताना दुखतं' असा असतो. २८ किलोच्या कुत्र्याला नवव्या वर्षी खुब्याचा किंवा गुडघ्याचा सांधेदुखीचा त्रास अगदी नेहमीचा. पहाटे तो उठताना पाहा. आधी पुढचे पाय टेकतो, छाती वर घेतो, मग मागचा भाग ओढून आणतो. पहिली दहा-पंधरा पावलं आखूड पडतात आणि उन्हात थोडं फिरल्यावर चाल सुटते. असं असेल तर ते सांध्याचं दुखणं आहे आणि त्यावर इलाज आहे. चालताना मागच्या पंज्याची नखं जमिनीवर घासत असतील, पंजा उलटा पडत असेल, तर मणक्याचं दुखणं असू शकतं. तिथे थांबू नका, लगेच डॉक्टरला दाखवा.

जनावरांच्या डॉक्टरकडून तीन गोष्टी करून घ्या: सांध्यांची तपासणी, रक्ताची तपासणी (मूत्रपिंड, यकृत, हिमोग्लोबिन) आणि गोचीड तापाची तपासणी. तिसरी गोष्ट लोक विसरतात. गोचिडांमुळे होणारा एर्लिकिओसिस जुना झाला की कुत्रा सुस्तावतो, सांधे धरतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, आणि आपण म्हणतो वय झालं. त्यावर डॉक्सिसायक्लिन साधारण २८ दिवस चालतं. आठवड्यात तरतरी दिसली म्हणून गोळ्या मध्येच थांबवल्या की दुखणं पुन्हा उलटतं.

सांधेदुखीला डॉक्टर मेलॉक्सिकॅम देतात. नेहमीचं प्रमाण पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ मिलिग्रॅम आणि नंतर ०.१ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, पोटात अन्न असताना. मूत्रपिंड ठीक आहे हे रक्तातून कळल्याशिवाय हे सुरू करायचं नाही. घरातली माणसांची डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉलची गोळी भाकरीत घालून देऊ नका. डायक्लोफेनॅक आणि आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या आतड्याला जखमा होऊन काळी शी होते, मूत्रपिंड बसतं. पॅरासिटामॉल यकृतावर येतं. 'एकच तर गोळी' म्हणून गेलेली कुत्री कमी नाहीत.

नखं बघा. काम कमी झालं की नखं झिजत नाहीत, आणि अंगठ्याचं वरचं नख तर वळून मांसात रुततं. कधी कधी नुसतं ते कापल्यावरही लंगडणं कमी झालेलं दिसतं. ऐकू किती येतं ते तपासायला तो झोपलेला असताना मागच्या बाजूने, वाऱ्याची झुळूक त्याच्या अंगावर जाणार नाही अशा अंतरावरून टाळी वाजवा. कान हलले नाहीत तर बहिरेपण आहे असं धरून चाला, आणि घरातल्या पोरांना सांगा की त्याला झोपेत हात लावायचा नाही. पायाने जमीन आपटायची, तो जागा झाला की मग जवळ जायचं. म्हाताऱ्या, गरीब कुत्र्यांकडून झालेले बरेचसे चावे असे दचकून झालेले असतात.

दुखणं आटोक्यात आलं की त्याचं काम बदला. शेळ्यांबरोबर माळावर तो आता जाणार नाही. गोठ्याच्या दाराशी, घराच्या बाजूला, दिवसाचा पहारा तो करू शकतो. वास घेण्याची त्याची ताकद कानांइतकी लवकर जात नाही. आणि त्याचं एक मोठं काम आहे ज्याची किंमत मालक धरतच नाहीत: तरण्या कुत्रीला वळण लावणं. याबद्दल खाली येतोच.

गेटची साखळी का नको

तुमचा भाग उसाचा आणि बिबट्याचा. सिन्नर, निफाड, जुन्नर, आंबेगाव, शिरूर या पट्ट्यात बिबट्या वस्तीजवळ येतो तो बऱ्याचदा कुत्र्यासाठीच. मोकळा, धडधाकट कुत्रा निदान पळून ओसरीवर येतो. साखळीला बांधलेला, बहिरा, मागचे पाय धरलेला कुत्रा म्हणजे वाढून ठेवलेलं ताट. कारखान्याच्या गेटवर रात्री नेमकं हेच होणार. शिवाय नऊ वर्षं मोकळं फिरलेल्या जनावराला अनोळखी जागी बांधलं की पहिल्या आठवड्यात तो खाणं सोडतो किंवा पट्ट्यातून मान काढून घराकडे निघतो. दहा-वीस किलोमीटरवरून परत आलेली कुत्री असतात. हायवेवर गेलेली त्याहून जास्त असतात.

त्याला रात्रीसाठी बंदिस्त खुराडं करा. ६ फूट लांब, ४ फूट रुंद, ५ फूट उंच. लोखंडी अँगलचा सांगाडा, चारी बाजूंना जाड वेल्डमेश. जाळी वरूनही हवी. लोक पत्रा नुसता टेकवून ठेवतात आणि बिबट्या तो पंज्याने सरकवतो. खाली शहाबादी फरशी जमिनीपासून अर्धा फूट उचलून, पाणी वाहून जाईल असा उतार. एका कोपऱ्यात लाकडी फळी, तिच्यावर सहा इंच भाताचं काड आणि वर गोणपाट. काड दर आठवड्याला बदलायचं, नाहीतर गोचिडं आणि पिसवा तिथेच मुक्काम करतात. कोपरांवर घट्टे पडून त्यातून पाणी येत असेल तर गोणपाट दुपदरी करा. कडीला आडवी खीळ हवी, कुत्रा आतून नाक लावून उचलेल अशी नको. आणि जमत असेल तर थंडीत तो ओसरीवर, दाराच्या आत झोपू दे. यापेक्षा चांगली जागा नाही.

'रानात सोडून देतो, जगला तर जगला' हा तिसरा पर्याय गावोगाव ऐकू येतो, म्हणून स्पष्ट लिहितो. भुकेने-तहानेने हाल होतील अशा अवस्थेत जनावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये इतका जुनाट आहे हे खरं, आणि तो वाढायला हवा. पण दंडापुरता हा प्रश्न नाही. माळरानावर सोडलेली कुत्री लांडग्यांत मिसळतात. पुण्याजवळच्या माळावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून दिसलं आहे. कुत्र्यांचा डिस्टेंपर लांडग्या-कोल्ह्यांनाही होतो. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांचा बळी घेणारा विषाणू याच रोगाचा. एक म्हातारा कुत्रा सोडणं ही फक्त त्याच्या नशिबाची गोष्ट राहत नाही.

खर्चाचा खरा आकडा

खाण्याचं पाहू. कामाच्या दिवसांत २८ किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण १,५०० ते १,७०० किलोकॅलरी लागत होत्या. आता १,१०० ते १,२०० पुरतात. म्हणजे बाजरीच्या दोन भाकरी (प्रत्येकी १०० ग्रॅम पीठ), दोन उकडलेली अंडी आणि दीडशे ग्रॅम कोंबडीच्या माना. माना कुकरमध्ये इतक्या शिजवायच्या की हाड बोटांनी चुरडलं पाहिजे. कांदा-लसणाचा रस्सा घालायचा नाही, कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. दोन वेळा विभागून द्या. वजन वाढू देऊ नका: बरगड्यांवरून हात फिरवला तर त्या बोटांना लागल्या पाहिजेत. सांधे दुखणाऱ्या कुत्र्याचं दोन-तीन किलो वजन उतरवणं हे निम्मं औषध आहे.

हे सगळं रोज ५० रुपये धरलं तर वर्षाला १८,२५० होतात. लस, जंतनाशक, गोचिडांचं औषध, सांध्याच्या गोळ्या, वर्षातून एक रक्ततपासणी असे ७,००० ते ८,००० वर. चार वर्षं जगला तर लाखाच्या आसपास. आकडा मोठा वाटतो, कारण तो एकदम शेवटी समोर येतो. पुढच्या कुत्र्याच्या बाबतीत तो दोन वर्षांचा झाल्यापासून दरमहा ५०० रुपये बाजूला टाका. आठव्या वर्षापर्यंत ३६,००० जमतात आणि म्हातारपणाचं जवळजवळ दीड वर्ष भागतं. बोकड विकताना चारा, औषध, मजुरी धरता ना? राखणीच्या खर्चात कुत्र्याचं म्हातारपण धरलं नसेल तर तो हिशेब पहिल्या दिवसापासून कच्चा होता.

शेळ्यांच्या गोठ्यात एक गोष्ट कटाक्षाने पाळा. कापलेल्या किंवा मेलेल्या शेळी-मेंढीचं फुप्फुस, काळीज, मुंडी कुत्र्याला कच्चं द्यायचं नाही. त्यातल्या पाण्याच्या गाठींतून कुत्र्याच्या पोटात फीतकृमी होतात, त्यांची अंडी शीतून चाऱ्यावर जातात, आणि त्याच गाठी पुन्हा शेळ्यांच्या अन् माणसांच्याही काळजात तयार होतात. मुंडीतल्या गाठींच्या जातीने मेंढ्या-शेळ्या गरगर फिरायला लागतात. प्राझिक्वाँटेल असलेली जंतांची गोळी, साधारण दहा किलोला एक, किमान दर तीन महिन्यांनी, दोन्ही कुत्र्यांना एकाच दिवशी.

१४ महिन्यांची मादी वाया गेलेली नाही

६ ते १८ महिने हे राखणीच्या कुत्र्याचं सर्वांत अवघड वय. अंगाने मोठी, डोक्याने पिल्लू. करडू पळतं, ती मागे लागते, पकडायला कान किंवा शेपूट मिळते. हा खेळ आहे, शिकार नाही. पण करडासाठी फरक शून्य. या वयात 'चावरी निघाली' म्हणून विकलेल्या कुत्र्यांतली कितीतरी चांगली राखणदार झाली असती.

तुमच्या गोठ्यात हे आत्ताच का सुरू झालं, त्याची दोन कारणं दिसतात. एक, म्हाताऱ्याच्या अंगात दुखणं आहे. निरोगी थोरला कुत्रा अशा कार्टीला मानेला धरून एकदाच दाबतो, वर गुरगुरतो, आणि विषय संपतो. ज्याला उठतानाच कळ येते तो बाजूला होतो, आणि तिला वाटतं सगळं चालतं. म्हणून त्याचं औषध हा तिच्याही शिक्षणाचा भाग आहे. त्याला बरं वाटू लागलं की दोन-तीन आठवड्यांत तिची मस्ती उतरते का ते बघा.

दुसरं कारण वार. शेळी व्याली की वार तिथेच पडते आणि कुत्री ती खाते. रक्ताचा आणि नवजात करडाचा वास एकच. ओलं करडू चाटता चाटता नाळ ओढली जाते, मग पोट फाटतं. शेळी व्यायला आली की कुत्री बाहेर, वार पडताच उचलून दोन-तीन फूट खोल पुरायची, करडं कोरडी होऊन उभी राहिल्यावरच कुत्रीची आणि त्यांची गाठ घालायची.

दहा आठवड्यांचा क्रम असा ठेवा. पहिले दोन आठवडे ती एकटी असताना करडांत नाही. १५ बाय १५ फुटांच्या वाड्यात तिला दोन-तीन जुन्या, शिंगं उगारणाऱ्या शेळ्यांबरोबर ठेवा. शेळी ढुसणी देते तेव्हा मध्ये पडू नका. फक्त कोपऱ्यात तिला निसटायला फट असू द्या. रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास दोरीवर कळपातून फिरवा. तिचं डोकं बघत राहा. आधी नजर एका करडावर खिळते, मग कान पुढे येतात, मान खाली जाते, आणि नंतर झेप. नजर खिळली त्याच क्षणी 'नाही' म्हणून दोरी बाजूला वळवायची. झेप घेतल्यावर ओरडून उपयोग नाही. तोवर तिला मजा मिळून चुकलेली असते. शांत बसली, शेळीपासून नजर वळवली, तर लगेच भाकरीचा तुकडा. मारू मात्र नका. शेळ्यांजवळ मार मिळाला की ती शेळ्यांपासूनच लांब राहते आणि राखण संपते.

तिसऱ्या आठवड्यापासून मोकळी सोडा, पण गळ्यात लोढणं घालून. एक ते दीड किलोचा गुळगुळीत लाकडी ठोकळा, साखळी एवढी की पळताना तो पुढच्या गुडघ्यांवर आपटावा आणि चालताना अडचण होऊ नये. लोढणं फक्त माणूस जवळ असताना, दिवसातून चार तासांपेक्षा जास्त नाही, रात्री कधीच नाही. कुंपणात अडकून गळफास बसतो. सहाव्या आठवड्यात लोढणं काढून माणसाच्या नजरेखाली करडांत सोडा, आठव्यापासून थोडा थोडा वेळ एकटी. दहावा आठवडा संपेपर्यंत ती साधारण सव्वासोळा महिन्यांची होईल. तिथून १८ महिन्यांपर्यंत नुसतं पाठलाग करत असेल तर धीर धरा. एवढं होऊनही पुन्हा रक्त काढलं, तर ती शेळ्यांची कुत्री नाही. मग तिला दुसरी जागा शोधा, आणि त्याची खंत करू नका.

द्यायचीच झाली तर

८,००० देणाऱ्याला तीन प्रश्न विचारा: ती दिवसभर कुठे असेल, आधीचा कुत्रा कसा गेला, आणि ती आजारी पडली तर कोणत्या डॉक्टरकडे नेणार. आधीच्या तीन वर्षांत दोन-तीन कुत्री 'गेली' असतील तर नाही म्हणा. तिच्या पळण्याबद्दल, सशाबद्दल, शिकारीबद्दल चौकशी असेल तर तिथेच विषय संपवा. कुत्र्यांकडून ससा धरणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि अशा कुत्रीचं पुढचं आयुष्य फार हालाचं असतं. पिल्लांसाठी हवी असेल तरीही नको. त्यासाठीच देण्याआधी नसबंदी करून घ्या: माजावर असताना नाही, माज संपून दोन-तीन महिन्यांनी. टाके निघायला दहा ते चौदा दिवस जातात. ऑपरेशननंतर तीन आठवड्यांनी पाठवा.

जागा स्वतः जाऊन बघा, आणि संध्याकाळी जा. सकाळी सगळ्यांची अंगणं झाडलेली असतात. कुंपण, सावली, पाण्याचं भांडं, रात्रीची जागा. साखळी आणि खुंटा यांच्याभोवती गोल झिजलेली जमीन दिसली तर तिथे कुत्रा चोवीस तास बांधला जातो. द्राक्षबाग किंवा कुंपण असलेली वस्ती तिला मानवेल. कोंबड्यांची शेड नको. शहरातला फ्लॅटही नको: रात्री भुंकणं हेच जिचं काम, ती तिसऱ्या मजल्यावर आठवडाभरही निभणार नाही.

लसीची वही चालू असली पाहिजे. रेबीजची लस चुकली असेल तर देऊन तीन-चार आठवडे थांबा. गेल्या दहा दिवसांत तिने कोणालाही चावलं असेल तर हलवायचीच नाही. ते दहा दिवस रेबीजच्या निरीक्षणाचे असतात आणि कुत्री नजरेसमोर हवी. साध्या कागदावर चिठ्ठी करा, दोघांच्या सह्या: वय, लसींच्या तारखा, नसबंदीची तारीख, तिने करडांना केलेली इजा स्पष्ट शब्दांत, माणसाला चावली असल्यास तेही, आणि 'न जमल्यास दुसऱ्याला न देता मूळ मालकाकडे परत आणीन' ही ओळ. खोड लपवून दिलेली कुत्री पुढे कोणाच्या पोराला चावली तर त्या घराचं नुकसान तुमच्या लपवण्याने झालेलं असेल. पैसे घ्यायचे तर निम्मे आत्ता, निम्मे महिन्याने. त्या महिन्यात तुम्हीही दोनदा जाऊन या.

पाठवताना तिच्या अंगाखालचं गोणपाट न धुता बरोबर द्या आणि दहा दिवस पुरेल एवढं ओळखीचं खाणं. नव्या घरी पहिले तीन दिवस ती खाणार नाही किंवा कोपरा धरेल, तीन आठवड्यांत वेळापत्रक कळेल, तीन महिन्यांत ती तिथली होईल. पहिले तीन आठवडे दोरीशिवाय कुंपणाबाहेर सोडू नका, हे त्यांना दोनदा सांगा.

आणि शिकवलेला मोठा कुत्रा विकत आणण्याबद्दल: राखणीचा कुत्रा एका कळपाशी बांधला जातो. दुसऱ्याच्या शेळ्यांत तयार झालेला तीन वर्षांचा कुत्रा तुमच्या शेळ्यांना लगेच आपलं मानत नाही. विकणाऱ्याने तो का काढला हेही बहुतेक वेळा कळत नाही. आठ ते दहा आठवड्यांचं पिल्लू घ्या. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकणं २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांत बसत नाही, आणि आईपासून त्याआधी तोडलेलं पिल्लू चावण्याचा जोर शिकत नाही. पिल्लू आणण्याची खरी वेळ थोरला पाच-सहा वर्षांचा असताना असते, म्हणजे दीड-दोन वर्षं दोघं एकत्र काम करतात. तुमची ती वेळ टळली आहे, पण अजून थोडी शिल्लक आहे: म्हातारा औषधावर सुधारला तर वर्षभर तरी तो पिल्लाला दाखवत राहील. पिल्लू आणाल तेव्हा म्हाताऱ्याचं ताट वेगळं आणि आधी वाढा.

शेवटचे दिवस

एक वही करा आणि रोज चार गोष्टी लिहा: स्वतः उठला का, खाल्लं का, लघवी-शी झोपण्याच्या जागेबाहेर केली का, तुम्ही आल्यावर शेपूट हलवली का. आठवड्यात चारपैकी तीन गोष्टी 'नाही' अशा जास्त दिवस येऊ लागल्या, औषधानेही फरक पडेना, की डॉक्टरशी दयामरणाबद्दल बोला. ते डॉक्टरनेच, आधी गुंगीचं इंजेक्शन देऊन करायचं, आणि त्याच्या ओळखीच्या जागी. विष घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, आणि विषाने कुत्रा शांत मरत नाही, झटके देत मरतो.

खड्डा आधीच खणून ठेवा: पाच फूट खोल, विहीर आणि ओढ्यापासून लांब. दयामरणाचं औषध अंगात राहतं, ते कोल्ह्या-गिधाडांना मारतं, म्हणून उघड्यावर टाकायचं नाही. माती लोटल्यावर वर मोठे दगड रचा. त्याआधी तरण्या कुत्रीला त्याला हुंगू द्या. तिला दाखवलं नाही तर ती कित्येकदा दोन-चार दिवस खुराड्याभोवती त्याला शोधत फिरते आणि त्या रात्री गोठ्याकडे तिचं लक्ष नसतं.